पंचवीस कव्हरांतली पोल्का

कॅनडातल्या वॉटर्लूला आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात मला शंका आली, की माझ्या घरमालकीणबाई जुन्या वस्तूंच्या दुकानात चोऱ्या करतात.

मी जळगावहून मास्टर्स करायला आले होते आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होते. त्या मूळच्या मिरजेच्या, वय एकाहत्तर. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लग्न करून देशाच्या पार पश्चिम टोकाला, सरेला होती. मी त्यांना काकू म्हणायचे. थंडी सुरू झाली तसं त्यांनी माझं जळगावातून आणलेलं जॅकेट दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे जॅकेट नाही, हा उशीचा अभ्रा आहे. चल." आणि एलआरटीचं, म्हणजे नव्या ट्रामच्या रुळांचं, खोदकाम चुकवत चुकवत, तीन गल्ल्यांचा वळसा घालून मला थ्रिफ्ट स्टोअरमध्ये घेऊन गेल्या.

मी आरशासमोर चौथं जॅकेट चढवत होते तेव्हा लक्षात आलं की काकू गायब आहेत. शोधत गेले तर त्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, जुन्या रेकॉर्डच्या खोक्यांपुढे पायरीच्या स्टुलावर बसलेल्या. खोक्यातून एक रेकॉर्ड काढायच्या, इकडेतिकडे बघायच्या, कव्हरात दोन बोटं घालून आतली तबकडी अर्धी बाहेर ओढायच्या, चष्मा कपाळावर सारून लेबल वाचायच्या आणि परत आत ढकलायच्या. मग पुढची. आणि सगळी कव्हरं एकाच अल्बमची होती.

हा अल्बम एका अमेरिकन गायकाचा आणि त्याच्या बँडचा. सत्तरच्या दशकात तो इतका खपला होता, की ज्या घराला दार आहे त्या घरात तो असायचाच. त्यामुळे आता तो कुणालाच नको होता आणि दर दुकानात सात-आठ प्रती पडलेल्या असायच्या. कव्हरावर गायक उभा होता, शर्टाची वरची चार बटणं उघडी, खांद्यावर फावडं घ्यावं तशी गिटार. मागे बँडमधले पाच जण बस चुकल्यासारखे. अल्बमचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण काकूंनी तसं वचन घेतलंय. "कंपनीला कळलं तर केस करतील," असं त्यांचं म्हणणं. कंपनी कधीच बंद पडली आहे हे त्यांना माहीत आहे, पण त्यांचा कंपनीवर विश्वास नाही.

दुकानातल्या मुलीनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काळजी करू नका. त्या फक्त चेक करतात."

"काय चेक करतात?"

"ते आम्हालाही माहीत नाही. दर महिन्याला येतात."

गाडीत बसल्यावर मी सरळ विचारलं. काकूंनी किल्ली फिरवली, बंद केली, परत फिरवली, परत बंद केली. म्हणाल्या, "सांगते. पण कुणाला बोललीस तर बेसमेंट खाली करावं लागेल."

मग पार्किंग लॉटमध्ये, हीटर चालू ठेवून, त्यांनी मला सगळं सांगितलं.

लग्न करून त्या कॅनडात आल्या तेव्हा यजमानांना इंजिनिअरची नोकरी अजून मिळायची होती. काकूंना मात्र आठवड्यात काम मिळालं, शेजारच्या गावातल्या रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात. तयार तबकड्या एका दांडीवर रचून त्यांच्या टेबलाशी यायच्या, दुसऱ्या बाजूनं कव्हरं यायची. तबकडी कव्हरात घालायची, कव्हर खोक्यात ठेवायचं. त्या वर्षी हा अल्बम असा काही विकला जात होता, की कारखाना तिन्ही पाळ्यांत चालायचा.

"लग्नाला सहा महिने झाले होते," काकू म्हणाल्या. "ह्यांचं तोंड जितकं पाहिलं नव्हतं तितकं मी त्या उघड्या छातीच्या मेल्याचं पाहिलं."

"आणि गाणी?"

"एकही ऐकलं नाही. मशीनच्या आवाजात स्वतःचा खोकला ऐकू यायचा नाही. आणि घरी रेकॉर्ड प्लेअर कुठला? टेपरेकॉर्डर होता आणि नाट्यसंगीताच्या दोन कॅसेट."

त्याच कारखान्यात आमच्या भागातल्या जर्मन लोकांच्या बँडच्या रेकॉर्डही छापल्या जायच्या. इथे जर्मनांची जुनी वस्ती. दर ऑक्टोबरला अख्ख्या शहरात अकॉर्डियन वाजतो आणि आजोबा-आजी चामड्याच्या चड्ड्या आणि झगे घालून पोल्का नाचतात. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर कुणीतरी पोल्काच्या तबकड्यांची दांडी चुकून काकूंच्या टेबलाशी आणून लावली. दोन्हींची लेबलं तपकिरी. काकूंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, कारण सकाळीच मिरजेहून आई आजारी असल्याचं पत्र आलं होतं. एक खोकं भरून गेलं, दुसरं उघडलं, तेव्हा त्यांनी लेबल वाचलं. पहिलं खोकं ट्रकवर चढून निघूनही गेलं होतं. पंचवीस रेकॉर्ड.

"संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, गप्प बस. मी गप्प बसले. चाळीस वर्षं."

"पण काकू, एवढं काय त्यात?"

त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, पंचवीस माणसांनी हौसेनं ती रेकॉर्ड घरी नेली असेल. चार मित्र बोलावले असतील. दिवे मंद केले असतील. आणि आतून काय निघालं? ऊम-पा-पा, ऊम-पा-पा!"

त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मी हसू गिळलं. तेव्हापासून गराज सेल, चर्चचा सेल, थ्रिफ्ट स्टोअर, जिथे तो अल्बम दिसेल तिथे काकू आत बोटं घालून बघायच्या. सात सापडल्या होत्या. त्या माझ्याच बेसमेंटच्या कपाटात, माझ्या बॅगांच्या मागे, चादरीत गुंडाळून ठेवल्या होत्या. सहा त्यांनी रीतसर विकत घेतल्या होत्या. सातवी एका डेंटिस्टच्या घरी पार्टीला गेल्यावर सापडली.

"त्यांना काय सांगितलंत?"

"काही नाही. ह्यांच्या ओव्हरकोटात घातली. अंग आखडलंय असं सांगून हे दारापर्यंत ताठ चालत गेले."

म्हणजे माझी शंका अगदीच काही निराधार नव्हती.

मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी. मला वाटलं, चाळीस वर्षं हातानं शोधण्यापेक्षा नेटवर विचारावं. त्या गायकाच्या चाहत्यांचा एक मोठा फोरम होता. काकूंची परवानगी मिळवायला चार दिवस गेले. सरेहून मुलीनं फोनवर "आई, जस्ट लेट इट गो!" म्हणून सांगितलं, आणि त्या एका वाक्यामुळेच काकू तयार झाल्या. मी लिहिलं की ओंटारिओत हा अल्बम विकत घेऊन आत अकॉर्डियन सापडलेलं कुणी असेल तर कृपया कळवावं, तातडीचं नाही.

उत्तरं भराभर आली. एकानं विचारलं, तू काय ओढून बसली आहेस. एकाचं म्हणणं पडलं की मूळ अल्बमही उलटा वाजवला तर पोल्काच आहे. एका बाईनं लिहिलं की तिच्या कव्हरात तिच्या नवऱ्यानं लपवलेली प्रेमपत्रं सापडली होती, ती चालतील का. आणि आठवड्यानं एक ओळीचा मेसेज आला: "तो मी आहे. कोण विचारतंय?" खाली फोन नंबर.

काकूंनी फोन करण्याआधी केस विंचरले. मी स्पीकर लावला. पलीकडे एक घोगरा पुरुषी आवाज आला.

"हॅलो," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "मी ती बाई."

"कोणती बाई?"

"कव्हरात घालणारी."

तो माणूस फोनपासून तोंड लांब करून घर हादरेल असा ओरडला, "अगं ए! ती बाई फोनवर आहे! ती बाई!" मागून धावत येणारी पावलं ऐकू आली, काहीतरी पडलं, आणि एका स्त्रीचा आवाज आला, "जिवंत आहे?"

काकूंनी लगेच जाहीर केलं की आपण स्वतः येऊन माल बदलून देणार आहोत. तो नको नको म्हणत होता. काकू ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्याच.

तो राहायचा उत्तरेला, जॉर्जियन बेच्या बाजूच्या एका छोट्या गावात, गाडीनं तीनेक तासांवर. काकू हायवेवर गाडी चालवायच्या नाहीत, म्हणून चालवणार मी. आदल्या शनिवारी विंटर टायर बसवून घेतले. थ्रिफ्ट स्टोअरमधून त्या अल्बमची चांगली प्रत आणली आणि काकूंनी ती तीनदा आत डोकावून तपासली. निघायच्या सकाळी बघते तर काकू जांभळ्या इरकलीत, वर टोपीवाला जाड पार्का कोट, पायात बर्फाचे बूट, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा.

"काकू, साडी?"

"चुकीचा माल बदलून द्यायला चाललोय. माणूस नीटनेटका दिसायला नको?"

वाटेत बर्फ सुरू झालं. शेवटचा तासभर आम्ही बर्फ ढकलणाऱ्या ट्रकच्या मागे बैलगाडीच्या वेगानं जात होतो आणि काकू कागदावर लिहून आणलेलं माफीचं भाषण पाठ करत होत्या. "डिअर सर" म्हणावं की नुसतं "सर", यावर आमची चर्चा झाली. घर सापडायला अडचण आली नाही, कारण पत्रपेटीवर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पोल्का.

दार उघडलं तो माणूस चौकटीत जेमतेम मावत होता. साठीला टेकलेला, पोटावरून गॅलिस, पांढरी दाढी. जन्मभर हॉकीच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवून नुकताच रिटायर झालेला. त्याच्या मागे त्याची बायको, तीही तशीच ऐसपैस, हात पुसत आली. दोघंही काकूंकडे, मग साडीकडे, मग बुटांकडे बघत राहिले. कारखान्यातली बाई म्हणजे त्यांनी काय कल्पना केली होती देव जाणे.

आम्ही बसलो. काकूंनी कागद काढला आणि उभ्या राहिल्या. "डिअर सर," त्या म्हणाल्या.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "आधी माझी गोष्ट ऐका. मग काय ती माफी मागा."

तो शेतावर वाढलेला. घरात रेडिओ होता, पण वडील तो फक्त हवामानासाठी आणि चर्चसाठी लावायचे. शाळेत सगळी मुलं त्या अल्बमबद्दल बोलायची, ह्याला काही कळायचं नाही. हिवाळाभर शेजाऱ्यांच्या दारातलं बर्फ फावड्यानं उपसून त्यानं तो अल्बम मिळवला, गोठ्यावरच्या माळ्यावर जुना प्लेअर नेऊन लावला, आणि डोळे मिटून ऐकला. "मला वाटलं, असं असतं होय रॉक!" तो म्हणाला. "मला आवडला सुद्धा. गुरांनाही आवडला."

सोमवारी शाळेत पोरांनी विचारलं, कुठलं गाणं आवडलं? हा सांगून बसला, "ते, ज्यात अकॉर्डियन येतो ना, ते." एवढ्यावर थांबला नाही. पायांनी ठेका धरून दाखवला.

"त्या दिवसापासून," त्याची बायको म्हणाली, "ह्याचं खरं नाव गावात कुणाला आठवत नाही. लग्नात पाद्रीबाबांनीसुद्धा मला विचारलं, तू ह्या पोल्काचा स्वीकार करतेस का?"

काकू खाली बसल्या. माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाल्या, "अगं, गावभर ह्या माणसाला पोलकं म्हणतात?"

मला हसू आवरेना. त्यानं विचारलं काय झालं. आता सांगणं भाग होतं. मी सांगितलं की आमच्या भाषेत पोलकं म्हणजे बायकांचं ब्लाउज. तो आधी माझ्याकडे, मग काकूंच्या पोलक्याकडे बघत राहिला आणि मांडीवर थाप मारून असा हसला की भिंतीवरची हरणाची शिंगं हलली. "ब्लाउज! चाळीस वर्षं मला ब्लाउज म्हणतायत आणि त्यांना पत्ताच नाही!" बायकोनं ताबडतोब फोन उचलून बहिणीला ही बातमी दिली.

काकूंना मात्र हे सगळं मनाला लागलं होतं. त्यांनी पिशवीतून नवी प्रत काढून दोन्ही हातांनी पुढे केली. "हा तुमचा खरा माल. तो चुकीचा मला परत द्या."

तो उठला आणि त्यानं कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत तोच अल्बम होता. एक नाही, रांगच. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी. गेली चाळीस वर्षं दर वाढदिवसाला गावातलं कुणी ना कुणी त्याला चेष्टेनं तो अल्बम भेट देत आलं होतं. जगात ह्या अल्बमची गरज नसलेला माणूस शोधायचा तर तोच.

"तरी घ्या," काकू म्हणाल्या.

त्यानं ती प्रत घेतली आणि रांगेत लावली. "पण ती जुनी देणार नाही."

ती जुनी भिंतीवर काचेच्या चौकटीत होती. काकू तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तो त्यांच्या आणि चौकटीच्या मधे.

"दोष असलेला माल गिऱ्हाइकाकडे ठेवायचा नसतो," काकू म्हणाल्या.

"गिऱ्हाइकाला दोष आवडलाय," तो म्हणाला.

"मला सात परत मिळाल्यात. ही आठवी."

"मग मी कोण? नुसता नंबर आठ?"

दोघंही हट्टाला पेटले होते. शेवटी बायको मधे पडली. तिनं चौकट उतरवली, मागचे खिळे वाकवले, तबकडी काढून प्लेअरवर लावली आणि म्हणाली, "भांडण नंतर. ह्या बाईंनी हे निदान एकदा ऐकायला नको?"

अकॉर्डियन सुरू झाला. एरवी दर ऑक्टोबरला काकू खिडक्या बंद करून बसायच्या. इथे बंद करायला खिडकी नव्हती. पहिल्या गाण्याला त्या खाली मान घालून बसल्या. दुसऱ्याला त्यांचा बूट हलायला लागला. तोवर त्या धिप्पाड माणसानं मला उठवलं होतं. मी आयुष्यात गरब्यापलीकडे काही नाचलेले नव्हते. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि मोजे घातलेल्या पायांनी मला त्या खोलीभर असं फिरवलं, की माझी पावलं दर तिसऱ्या ठेक्याला एकदाच जमिनीला लागत होती. सोफा आला, गेला, शिंगं आली, गेली. मधेच मला दिसलं की त्याची बायको काकूंना उठवतेय, काकू गुडघ्याकडे बोट दाखवतायत, आणि मग दोघी हात गुंफून, अगदी सावकाश, एका जागी गोल फिरतायत. पाऊल पोल्काचं नव्हतं. काकू फुगडी घालत होत्या.

सगळ्यांची दमछाक झाल्यावर चहा झाला, लाडू झाले. मग माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "काकूंनी तो दुसरा अजून ऐकलेला नाही."

"कोणता?"

"तुमचा. खरा अल्बम. त्यांनी तो कधीच ऐकला नाही."

त्या दोघांना हे पटेचना. त्यानं नवी प्रत काढली, काकूंना चांगल्या खुर्चीत बसवलं आणि सुई ठेवली. काकू मिरजेच्या. जिथे तंबोरे बनतात तिथल्या माणसाला कुठलंही गाणं कसं ऐकायचं हे शिकवावं लागत नाही. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला आणि ढोलाच्या दणदणाटात सम शोधायला लागल्या. पहिलं गाणं संपलं. त्या म्हणाल्या, "एवढं ओरडायला काय झालं त्याला?" दुसऱ्याला नुसती भुवई उचलली. तिसऱ्या गाण्यात गिटार थांबली आणि तो गायक अगदी खाली, खर्जात आला. काकूंचा हात थांबला. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"हे बरंय," शेवटी त्या म्हणाल्या. "इथे त्याचा गळा खरा लागलाय." आणि थोड्या वेळानं, "मी उगीच त्याला मेला मेला म्हणत आले."

निघताना त्यानं चौकटीतलं कव्हर पुढे करून त्यांची सही मागितली. काकू दचकल्या. कंपनी, केस, सगळं आठवलं असावं. मग त्यांनी पेन घेतलं आणि उघड्या छातीच्या बाजूला देवनागरीत नीट, मोठी सही केली. त्यानं ती वर धरून कौतुकानं पाहिली. मीही वाचली. ते काकूंचं नाव नव्हतं. एका इंग्रज बाप्याचं नाव होतं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं. "सुपरवायझर," काकू सीटबेल्ट लावत म्हणाल्या. "वॉशरूमला गेलं तरी घड्याळ बघायचा. ती दांडी माझ्या टेबलाशी त्यानंच लावायला सांगितली होती. सही त्याचीच पाहिजे."

आठवी प्रत आम्हाला मिळाली नाही. तिच्या बदल्यात बिटाच्या लोणच्याच्या चार बरण्या मिळाल्या. परतीच्या वाटेवर काकूंनी माफीच्या भाषणाचा कागद चुरगाळला, त्याच कागदानं गाडीची काच आतून पुसली आणि ती परत धुरकट होऊन मला रस्ता दिसेनासा होईपर्यंत सरेच्या मुलीशी फोनवर बोलत राहिल्या.

पुढे काकू आणि त्या माणसाची बायको यांचे दर रविवारी सकाळी फोन सुरू झाले. माझं शिक्षण संपेपर्यंत बेसमेंटमध्ये वरून जेवढे ऐकू यायचे तेवढे मी ऐकले. त्यात रेकॉर्डचा विषय कधीच नसायचा. बीट किती दिवस मुरू द्यायचं, बेसन किती भाजायचं, गुडघ्यावर काय लावायचं, हेच. मधूनच फोनच्या स्पीकरवर मागून घोगरा आवाज यायचा, "ब्लाउजकडून नमस्कार सांग!" आणि काकू इंग्रजीत म्हणायच्या, "सांगा त्यांना, पुढच्या खेपेला लाडू कमी आणीन, डॉक्टरांनी त्यांच्या साखरेबद्दल काय सांगितलंय ते मला कळलंय."